मॉडेल रॉकेटच्या नोझ कोनमधील अल्टिमीटर

मॉडेल रॉकेटच्या टोकाशी असलेल्या पोकळ शंकूला नोझ कोन म्हणतात. या शंकूत उंची मोजणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, म्हणजे अल्टिमीटर, त्याची बॅटरी आणि स्विच बसवण्याची पद्धत हौशी रॉकेटविद्येत रूढ आहे. या कामाचे दोन भाग पडतात. उपकरण उड्डाणाच्या धक्क्यांत जागेवरून हलू नये, हा पहिला भाग. त्याच्या संवेदकापर्यंत बाहेरच्या हवेचा खरा दाब पोहोचावा, हा दुसरा. पहिला भाग सुतारकामाच्या अंगाने जाणारा असून थोड्या सरावाने साधतो. दुसऱ्याकडे मात्र नवशिक्यांचे सहसा दुर्लक्ष होते. मग उपकरण निर्दोष असूनही त्यावरील आकडा चुकीचा येतो. अल्टिमीटर प्रत्यक्षात उंची मोजत नाही. तो आपल्या कप्प्यातील हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंचीचे गणित करतो. कप्प्यातील दाब बाहेरच्या वातावरणाइतका नसेल, तर ते गणित कितीही अचूक असले तरी व्यर्थ ठरते.

पार्श्वभूमी

मॉडेल रॉकेटचा छंद अमेरिकेत १९५०च्या दशकात ऑर्व्हिल कार्लाइल आणि जी. हॅरी स्टाइन यांच्या प्रयत्नांतून आकाराला आला. राष्ट्रीय पातळीवरील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही संघटना १९५७ साली स्थापन झाली. सुरुवातीच्या काळात रॉकेट किती उंच गेले हे जमिनीवरून ठरवीत. मैदानावर ठरावीक अंतरावर दोन निरीक्षक थिओडोलाइटसारखी कोनमापक यंत्रे घेऊन उभे राहत, शिखरबिंदूचा कोन टिपत आणि त्रिकोणमितीने उंची काढत. रॉकेट ढगात शिरले किंवा एका निरीक्षकाच्या नजरेतून सुटले, तर ते उड्डाण मोजणीपुरते वाया जाई.

रॉकेटच्या टोकात उपकरण ठेवण्याची कल्पना जुनीच आहे. एस्टेस कंपनीचा कॅमरॉक हा नोझ कोनच्या जागी बसणारा कॅमेरा १९६५चा, तर ट्रान्सरॉक हा छोटा रेडिओ प्रक्षेपक १९७१चा. मात्र उंची मोजण्याचे काम रॉकेटमध्येच व्हावे, यासाठी नखाएवढ्या दाबसंवेदकांची वाट पाहावी लागली. असे संवेदक स्वस्त झाल्यावर दहा ग्रॅमच्या आसपास वजनाचे, स्वतःच्या बॅटरीसह येणारे तयार अल्टिमीटर बाजारात आले. आज शालेय विद्यार्थीही ते वापरतात.

अमेरिकेतील ‘अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज’ ही विद्यार्थी स्पर्धा या उपकरणांवरच उभी आहे. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीचे निमित्त साधून २००२–०३ साली ती सुरू झाली. कच्चे अंडे न फुटता वर नेऊन आणायचे आणि ठरवून दिलेली उंची गाठायची, असे तिचे स्वरूप आहे. अलीकडच्या वर्षांत ही उंची ८०० फुटांच्या आसपास असते. लक्ष्यापासून जितके फूट फरक, तितके गुण विरुद्ध जातात. एक फूट उंचीला हवेच्या दाबातील फरक साडेतीन पास्कलच्या आसपास असतो, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे तीस हजारांश भागाइतकाच. नोझ कोनमधील एखादे छिद्र चुकीच्या जागी पडले, तर महिनोन्महिन्यांचा सराव कसा पाण्यात जाऊ शकतो, हे यावरून लक्षात येईल.

दाबावरून उंची

समुद्रसपाटीला प्रमाण वातावरणाचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरला जातो. जमिनीलगत दर मीटर चढाईला तो सुमारे १२ पास्कलने घटतो, म्हणजे एक हेक्टोपास्कल घट सुमारे सव्वाआठ मीटरला होते. उंचीबरोबर हा दर मंदावतो, म्हणून अल्टिमीटरमधील सूक्ष्मनियंत्रक पुढील सूत्र वापरतो: उंची (मीटर) = ४४,३३० × [१ − (दाबाच्या गुणोत्तराचा ०.१९०३ वा घात)]. येथे गुणोत्तर म्हणजे वरचा दाब भागिले जमिनीवरचा दाब. जमिनीवरचा दाब उपकरण प्रक्षेपणापूर्वी स्वतःच नोंदवून ठेवते. त्यामुळे मिळणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसून प्रक्षेपणस्थळापासूनची असते.

एमएस५६०७, बीएमपी१८०, बीएमपी२८० यांसारखे संवेदक या कामासाठी वापरले जातात. त्यांची लांबीरुंदी दोन ते पाच मिलिमीटरच्या घरात असते. सिलिकॉनचा पातळ पडदा दाबाने किंचित वाकतो, त्यावरील रोध बदलतो आणि तो बदल अंकांत रूपांतरित होतो. उपकरण हे मोजमाप सेकंदाला दहा-वीस वेळा करते. साध्या अल्टिमीटरमध्ये सर्वांत कमी दाबाची, म्हणजेच सर्वाधिक उंचीची नोंद तेवढी ठेवली जाते, तर प्रगत अल्टिमीटर संपूर्ण उड्डाणाचा आलेख साठवतात.

या सूत्रात जमिनीवरचे तापमान १५ अंश सेल्सिअस गृहीत धरलेले असते. हवा तापलेली असेल तर ती विरळ होते आणि त्याच दाबघटीसाठी रॉकेटला अधिक वर जावे लागते. दर तीन अंशांना सुमारे एक टक्का असा हा फरक आहे. ३५ अंशांच्या दुपारी अल्टिमीटरने २०० मीटर दाखवले, तर खरी उंची २१४ मीटरच्या जवळ असते. स्पर्धेत सर्वांचीच उपकरणे हा एकच संकेत पाळतात, म्हणून तेथे याने कोणावर अन्याय होत नाही. प्रयोगवहीत नोंद करताना मात्र ही दुरुस्ती करणे योग्य.

नोझ कोनची निवड

रॉकेटच्या नळीत खालच्या बाजूला मोटर असते. तिच्यावर आग अडवणारा कागदी किंवा कापसाचा थर, त्यावर पॅराशूट आणि सर्वांत वर नोझ कोन अशी रचना असते. मोटरचे इंधन संपल्यावर काही सेकंद मंद जळणारा विलंबभार जळतो आणि शेवटी इजेक्शन चार्ज, म्हणजे काळ्या दारूची छोटी पूड, पेटते. तिचा वायू पॅराशूटला ढकलतो आणि नोझ कोन नळीतून उडवून बाहेर काढतो. या संपूर्ण व्यवस्थेत मोटरपासून सर्वांत दूर आणि अन्यथा रिकामी राहणारी जागा म्हणजे नोझ कोनची पोकळी. शिवाय टोकाशी वजन वाढल्याने रॉकेटचे स्थैर्य वाढते, हा आणखी एक फायदा.

शंकूचे तीन प्रकार नेहमी आढळतात. बाल्सा लाकडाचे शंकू भरीव असतात आणि ते कोरावे लागतात, त्यामुळे या कामाला ते फारसे सोयीचे नाहीत. फुंकून घडवलेले पॉलिथिनचे शंकू पोकळ व चिवट असतात, परंतु पॉलिथिनला बहुतेक गोंद धरत नाही. तेथे स्क्रू, रिव्हेट किंवा खाचेत अडकणारा भाग यांचाच आधार घ्यावा लागतो. तिसरा प्रकार त्रिमितीय मुद्रणाने बनवलेल्या शंकूंचा. त्यांत उपकरणाच्या मापाची बैठक आतूनच तयार करता येते. मात्र मुद्रणासाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत असा शंकू वाकडा होऊ शकतो.

नोझ कोन धातूचा नसावा, असा मॉडेल रॉकेटच्या सुरक्षा संहितेचा दंडक आहे. रॉकेट कोणावर आदळले तर इजा कमी व्हावी, हा त्यामागचा हेतू. धातूचा शंकू रेडिओलहरीही अडवतो, त्यामुळे ज्यांच्या अल्टिमीटरला माग दाखवणारा प्रक्षेपक जोडलेला असतो त्यांना तो तसाही निरुपयोगी. कार्बन तंतूंच्या शंकूचीही हीच अडचण आहे. काचतंतू, कागद आणि साधे प्लास्टिक यांतून लहरी पार होतात.

दाबछिद्राची जागा

कप्प्यातील दाब बाहेरच्या दाबाइतका राहावा म्हणून कप्प्याला बारीक छिद्रे पाडतात. उपकरण शंकूत आहे, तेव्हा छिद्रही शंकूलाच पाडावे, असे प्रथमदर्शनी वाटते. हीच सर्वांत मोठी चूक ठरते.

स्थिर हवेतून वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या पृष्ठभागावर सगळीकडे सारखा दाब नसतो. अगदी टोकाशी हवा अडते आणि तिच्या गतीचे दाबात रूपांतर होते. या वाढीव दाबाला गतिक दाब म्हणतात. तो हवेच्या घनतेचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग इतका असतो. रॉकेटचा वेग सेकंदाला ५० मीटर असेल, तर गतिक दाब सुमारे १,५३० पास्कल होतो. उंचीच्या भाषेत हे जवळजवळ १३० मीटर. म्हणजे टोकाला छिद्र असलेले रॉकेट शंभर मीटर वर असताना अल्टिमीटर त्याला जमिनीखाली गेलेले समजेल.

टोकापासून मागे येताना हवा शंकूच्या वक्र पृष्ठावरून वेग घेते आणि दाब झपाट्याने घटतो. शंकू जेथे नळीला मिळतो, त्या सांध्याच्या आसपास तो वातावरणाच्या दाबापेक्षाही खाली उतरतो. तेथे छिद्र पाडल्यास कप्प्यातील हवा शोषली जाते आणि अल्टिमीटर प्रत्यक्षापेक्षा अधिक उंची दाखवतो. ही घट गतिक दाबाच्या केवळ एक पंचमांश धरली, तरी ५० मीटर वेगाला सुमारे २५ मीटरची चूक होते. सांध्यापासून आणखी मागे, सरळ नळीवर, दाब हळूहळू वातावरणाच्या पातळीवर येतो. म्हणून छिद्रे सांध्यापासून नळीच्या निदान चार व्यासांइतकी मागे असावीत, असा हौशी रॉकेटकारांचा ठोकताळा आहे. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत हे अंतर १० सेंटिमीटर भरते. विमानांमध्येही स्थैतिक दाबाची छिद्रे नाकावर नसून धडाच्या बाजूला असतात, ती याच कारणाने.

यावर एक आक्षेप घेता येतो. शिखरबिंदूवर रॉकेटचा वेग जवळपास शून्य असतो, मग गतिक दाबाची चिंता कशाला? सरळ वर जाणाऱ्या रॉकेटपुरता हा आक्षेप बराचसा खरा आहे, आणि चुकीच्या जागी छिद्र पाडूनही काहींचे आकडे बरोबर येतात ते यामुळेच. परंतु वाऱ्यात रॉकेट कलते आणि शिखरावरही त्याला आडवा वेग असतो. तो सेकंदाला १५ मीटर असला, तर गतिक दाब १३८ पास्कल होतो. त्याचा पाचवा हिस्सा जरी छिद्रातून आत उतरला, तरी सव्वादोन मीटरहून अधिक, म्हणजे साडेसात फुटांची चूक होते. वर सांगितलेल्या स्पर्धेत एवढ्या फरकाने संघ बक्षिसाबाहेर फेकला जाऊ शकतो. ज्या अल्टिमीटरवर पॅराशूट उघडण्याची जबाबदारी असते, तेथे प्रश्न गुणांपुरता राहत नाही. चढाईच्या मध्यात दाब अकस्मात वर-खाली झाला, तर उपकरण शिखर गाठल्याचा समज करून घेते आणि पूर्ण वेगात पॅराशूट बाहेर फेकते. ध्वनीच्या वेगाजवळ जाणाऱ्या मोठ्या रॉकेटांत आघाततरंग छिद्रावरून सरकताना असा भास होतो. म्हणून तसल्या उपकरणांत त्या काळापुरता निर्णय रोखून धरण्याची सोय केलेली असते.

या सगळ्यातून मार्ग निघतो तो असा. उपकरण शंकूतच ठेवावे, परंतु शंकूचा तळ उघडा करून त्याच्या मागे नळीचा एक तुकडा जोडावा. या तुकड्याचा खालचा तोंडवळा आडव्या चकतीने, म्हणजे बल्कहेडने, बंद करावा आणि दाबछिद्रे नळीच्या या तुकड्यावर, सांध्यापासून दूर पाडावीत. शंकूची पोकळी आणि नळीचा तुकडा मिळून एकच कप्पा तयार होतो. उपकरण पुढे राहते आणि दाब मागून येतो. जागेअभावी चार व्यासांचे अंतर साधत नसेल, तर दोन-तीन व्यासांवरची छिद्रेही शंकूवरील छिद्रापेक्षा पुष्कळ बरी.

छिद्र एकच असेल आणि वारा नेमका त्या बाजूने आला, तर तेथे दाब वाढतो. म्हणून तीन छिद्रे १२० अंशांवर किंवा चार छिद्रे ९० अंशांवर पाडतात. एकीकडे वाढलेला आणि दुसरीकडे घटलेला दाब कप्प्यात बऱ्याच अंशी समतोल साधतो. समोरासमोरची दोनच छिद्रे टाळावीत, कारण त्यांतून हवा आरपार वाहू लागते. छिद्रांच्या कडा गुळगुळीत असाव्यात, आणि त्यांच्या लगेच पुढे प्रक्षेपणदांड्याची नळी, स्क्रूचे डोके किंवा फुगलेला रंग असे काहीही उंचवट्याचे असू नये.

छिद्राचे माप

कप्प्याच्या १०० घनइंच आकारमानाला पाव इंच व्यासाचे एक छिद्र, हे माप अमेरिकेत प्रचलित आहे. दशमान पद्धतीत ते दर १०० घनसेंटिमीटरला सुमारे १.९ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ असे होते. तीन छिद्रांत वाटले तर प्रत्येकाचा व्यास जेमतेम ०.९ मिलिमीटर येतो. व्यवहारात एक ते दीड मिलिमीटरची छिद्रे पाडतात.

हा ठोकताळा किती सढळ आहे, हे गणिताने पाहता येते. रॉकेट सेकंदाला १०० मीटर वेगाने चढत असेल, तर बाहेरचा दाब सेकंदाला १,२०० पास्कलने घटतो. १०० घनसेंटिमीटरच्या कप्प्यातून त्यासाठी सेकंदाला सुमारे १.२ घनसेंटिमीटर हवा बाहेर पडावी लागते. वरील मापाच्या छिद्रांतून एवढी हवा जायला एक पास्कलहूनही कमी दाबफरक पुरतो, म्हणजे मोजणीतील पिछाडी काही सेंटिमीटरच राहते. याउलट ०.३ मिलिमीटरचे एकच सुईछिद्र ठेवले, तर सुमारे ४९० पास्कल फरक लागतो आणि अल्टिमीटर प्रत्यक्षापेक्षा चाळीस मीटर मागे राहतो. छिद्रे गरजेपेक्षा फार मोठी करण्यातही लाभ नाही. मग वाऱ्याचे झोत थेट आत शिरतात आणि आलेख खडबडीत होतो.

इजेक्शनच्या वायूपासून संरक्षण

काळ्या दारूच्या ज्वलनातून तप्त वायूबरोबर पोटॅशियमचे क्षार आणि गंधकयुक्त काजळी निघते. ती दमट हवेत ओलावा धरते आणि तांब्याच्या वाहिन्या, जोडण्या व संवेदकाचे तोंड खराब करते. हानी पहिल्या उड्डाणात दिसतेच असे नाही. चार-पाच उड्डाणांनंतर उपकरण अधूनमधून चुकीचे आकडे देऊ लागते आणि कारण कळेनासे होते. त्यामुळे अल्टिमीटरचा कप्पा व पॅराशूटचा भाग यांच्यामध्ये हवाबंद बल्कहेड असणे महत्त्वाचे. तारेसाठी किंवा आकड्यासाठी त्यात पाडलेली भोकेही इपॉक्सीने बुजवावीत.

काही छोटे अल्टिमीटर आकड्यासह मिळतात आणि नोझ कोनच्या तळाच्या कडीला टांगून थेट पॅराशूटच्या भागात सोडता येतात. नवशिक्याला ही सोय आकर्षक वाटते आणि एकदोन उड्डाणांपुरती ती चालूनही जाते. मात्र तेथे उपकरण वायूच्या मार्गातच असते. इजेक्शनच्या क्षणी दाब एकदम वाढल्याने आलेखावर खोल दरी उमटते, आणि घट्ट बसलेला शंकू निसटताना मागे पोकळी पडल्याने क्षणभर उलटा, वरच्या दिशेचा सुळकाही उमटू शकतो. केवळ कमाल उंची दाखवणाऱ्या उपकरणात असा सुळकाच विक्रम म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो.

शंकू नळीतून ओढण्याचा परिणाम किती मोठा असतो, याची कल्पना सहसा नसते. समजा, कप्पा १०० घनसेंटिमीटरचा आणि नळीचा आतला व्यास २४ मिलिमीटर आहे. छिद्रे बुजलेली असताना शंकू जेमतेम सव्वादोन मिलिमीटर बाहेर ओढला, तर आकारमान एक टक्क्याने वाढते आणि दाबही साधारण तितकाच घटतो. अल्टिमीटरला हे ८५ मीटरचे उड्डाण वाटते! म्हणून कप्पा पूर्ण बंद केल्यानंतरच उपकरण चालू करावे. त्यासाठी स्विच बाहेरून फिरवता येईल असा, किंवा दाबछिद्रातून काडी घालून दाबता येईल अशा जागी बसवतात.

बसवण्याची कृती

फुंकून घडवलेल्या पॉलिथिनच्या शंकूचा तळ बंद असतो आणि त्यावरच शॉक कॉर्ड, म्हणजे शंकू व नळी यांना जोडणारी लवचीक दोरी, बांधण्याची कडी असते. उपकरण आत घालण्यासाठी तळ कापला की ही कडीही जाते. दोरीला नवा आधार न देता असे रॉकेट उडवल्यास शंकू उपकरणासह मोकळा खाली येतो. नवा आधार बल्कहेडमध्ये बसवलेल्या डोळेदार स्क्रूचा असावा आणि बल्कहेड नळीच्या तुकड्याला पक्के चिकटवलेले असावे. पॅराशूट उघडतानाचा हिसका बल्कहेडवरून नळीच्या भिंतीकडे जावा, उपकरणावर किंवा तारांवर त्याचा कोणताही भार येऊ नये, हे मुख्य सूत्र.

आता दोन सांधे होतात, आणि त्यांचे काम परस्परविरोधी असते. शंकू व कप्प्याची नळी यांमधील सांधा उड्डाणभर उघडता कामा नये, म्हणून त्यात प्लास्टिकचे दोन-तीन रिव्हेट किंवा स्क्रू घालतात. कप्पा आणि रॉकेटचे मूळ धड यांमधील सांधा मात्र इजेक्शनच्या वेळी सहज सुटला पाहिजे. तो चिकटपट्टीचे वेढे देऊन इतपत बसता ठेवतात की रॉकेट शंकूला धरून उचलले तर धड खाली गळू नये, परंतु जोराने हलवले तर निसटावे. पहिला सांधा सैल आणि दुसरा घट्ट राहिला, तर अल्टिमीटर आकाशातून सुटा पडतो आणि धड पॅराशूटविना कोसळते.

उपकरण सहसा पातळ प्लायवूडच्या किंवा कार्डाच्या पट्टीवर बसवून ती पट्टी शंकूत सरकवतात. उड्डाणाच्या आरंभी किती भार येतो, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून पाहता येईल. सी६ प्रकारच्या मोटरचा कमाल रेटा १४ न्यूटनच्या आसपास असतो. एकूण ७० ग्रॅमच्या रॉकेटवर तो गुरुत्वाच्या सुमारे एकोणीस पट त्वरण निर्माण करतो. दहा ग्रॅमचे उपकरण त्या क्षणी दोनशे ग्रॅमचे असल्यासारखे मागे दाबले जाते, आणि पॅराशूट उघडताना उलट दिशेने हिसका बसतो. बॅटरी केवळ स्प्रिंगच्या जोरावर धरलेली असेल, तर या दोहोंपैकी एका क्षणी जोडणी सुटून नोंद पुसली जाते. म्हणून बॅटरीला नायलॉनच्या पट्ट्याने पट्टीशी बांधतात आणि तारांना थोडी ढील ठेवून वळसा देतात. बॅटरीसारखी जड वस्तू मागच्या टेकणीला भिडून असावी. उरलेल्या जागेत फोम भरताना संवेदकाचे तोंड झाकले जाणार नाही आणि छिद्रांकडून येणारी वाट बुजणार नाही, एवढे पाहावे.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या अल्टिमीटरला दिशेचे बंधन नाही. तो उलटा, आडवा, कसाही बसवला तरी चालतो. त्यात त्वरणमापक असेल तर मात्र त्याचा अक्ष रॉकेटच्या अक्षाशी समांतर हवा.

प्रकाशाची एक अडचण अनेकांच्या ध्यानीमनी नसते. सिलिकॉनचे हे संवेदक प्रकाशालाही प्रतिसाद देतात, आणि ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडले तर दाबाचा आकडा सरकतो. पारदर्शक किंवा पातळ पांढऱ्या शंकूत, अथवा छिद्राच्या अगदी समोर संवेदक आल्यास, रॉकेट गरगर फिरताना आलेखावर लहरी उमटतात. शंकूला आतून काळा रंग देणे किंवा संवेदकावर हवा खेळती ठेवणाऱ्या काळ्या स्पंजाचा तुकडा ठेवणे, एवढ्याने हे टळते.

वजन आणि स्थैर्य

रॉकेट सरळ उडण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे किमान एका नळीव्यासाइतका असावा लागतो. टोकाशी वजन घातल्याने तो आणखी पुढे जातो. मोटरसह ६० ग्रॅमचे एक रॉकेट घेऊ. त्याचा गुरुत्वमध्य टोकापासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि आपण टोकापासून ६ सेंटिमीटरवर १० ग्रॅमचा अल्टिमीटर ठेवला. नवा गुरुत्वमध्य २६.६ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे २५ मिलिमीटरच्या नळीत स्थैर्य सुमारे १.४ व्यासांनी वाढते. आधीच स्थिर असलेल्या रॉकेटला एवढे जादा स्थैर्य हितकारक नसते. ते वाऱ्याच्या दिशेने तोंड फिरवते, तिरपे जाते आणि उंची गमावते. उपकरण थोडे मागे, नळीच्या तुकड्यात सरकवल्यास हा परिणाम कमी करता येतो.

वजन वाढल्यामुळे मोटरचा विलंबकाळही पुन्हा तपासावा लागतो. जड रॉकेट शिखरावर लवकर पोहोचते. जुनाच विलंब ठेवला तर इजेक्शन चार्ज रॉकेट खाली येऊ लागल्यावर पेटतो. अल्टिमीटर बसवून केलेले पहिले उड्डाण आणि त्याविना केलेले उड्डाण यांची तुलना करता येत नाही, ती याचमुळे. मोजणाऱ्या उपकरणाने मोजायची उंचीच बदललेली असते. मॉडेल रॉकेटच्या वर्गात राहण्यासाठी एकूण वजन १,५०० ग्रॅम आणि इंधन १२५ ग्रॅम ही मर्यादा आहे, पण एका अल्टिमीटरमुळे ती ओलांडण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

उड्डाणापूर्वीची चाचणी

सर्व बसवून झाल्यावर कप्प्यासकट संपूर्ण शंकू घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून चाचणी घेता येते. बरणीतील मोकळी हवा एक लिटर असेल आणि झाकणाला जोडलेल्या सिरिंजने ६० मिलिलिटर हवा ओढली, तर दाब एवढा उतरतो की अल्टिमीटरने ४९० मीटरच्या आसपास उंची दाखवावी. दट्ट्या ओढताना हवा किंचित थंड होते, म्हणून आकडा क्षणभर जास्त दिसतो आणि मग स्थिरावतो. उपकरण एकदा उघडे आणि एकदा शंकूत बसवून अशी चाचणी दोनदा घ्यावी. दोन्ही वेळा सारख्या वेगाने सारखाच आकडा आला, तर छिद्रे पुरेशी आहेत. शंकूत असताना आकडा रेंगाळत वर चढत असेल, तर वाट कोठेतरी फोमने किंवा रंगाने बुजलेली आहे.